गोगलगाईंचा गोठा

शेफिल्डमधलं आमचं घर इतकं उतारावर
की हातातून निसटलेलं लिंबू
स्वयंपाकघरातून आपल्या पायांनी हॉलमध्ये येतं.
मागे अंगण म्हणून चार फरश्या,
तीन रंगांचे कचऱ्याचे डबे,
आणि ओल.

त्या ओलीत ऋजुताला ती सापडली.
"आई, ही कोण?"
मी चादर वाळत घालता घालता,
चिमटा दातात धरून म्हटलं,
गोगलगाय.

झालं.
ऋजुता उकिडवी बसली.
शार्दूलला अजून उकिडवं बसता येत नाही,
तो सरळ फतकल मारतो, मग चड्डी ओली.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तिनं विचारलं,
"हिचा गॉगल कुठेय?"

सदतीस वर्षं हा शब्द माझ्या तोंडात आहे.
शाळेच्या पायरीवर मीठ टाकून मी त्या मारल्यात,
आणि ऑफिसातल्या एका गप्प बाईला
तिच्या माघारी म्हटलंय, गोगलगाय आहे नुसती.
पण तो गॉगल,
आणि त्या गॉगलमागे उभी असलेली गाय
मला एकदाही दिसली नव्हती.

दुपारपर्यंत गोठा उभा राहिला.
निळा खोका आडवा,
आत फ्लॉवरची पानं, बाटलीच्या झाकणात पाणी.
मी नावं सुचवली, कपिला, चांदी, तांबू.
तिनं शांतपणे ऐकून घेतली
आणि ठेवली ती अशी:
बुधवार,
मिसेस बूथ,
आणि दुसरी बुधवार.

"पोटात पाय असतात हं तिचे,"
मी आपली म्हण पुरवली.
शार्दूल घाबरला. स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणाला,
"खाल्ले तिनं?"
"नाही रे," ऋजुता म्हणाली,
"थंडी आहे ना इथे. म्हणून आत घेतलेत."

फरशीवर एक चकाकती रेघ
डब्यांपासून दारापर्यंत आलेली.
दर शनिवारी ती मी पुसते.
"पुसू नकोस," मला सांगण्यात आलं,
"दूध आहे. चालता चालता सांडतं."

संध्याकाळी कुंपणापलीकडून मिस्टर ओल्डरॉइड आले,
लेट्यूसचा हिशोब घेऊन.
अकरा गड्डे. फक्त या महिन्यात.
तीस वर्षं लढतायत ते या जमातीशी,
बशीत बिअर ओतून, रात्री टॉर्च घेऊन.
मी माफी मागायला तोंड उघडलं,
तोवर ऋजुतानं इंग्रजीत सांगून टाकलं,
या गाई आहेत.
इंग्रजी शब्दात कुठेही गाय नाही.
तिनं ती नेऊन तिथे बांधली.

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला,
खोक्यात वाकून पाहिलं,
बराच वेळ.
"गाई आहेत तर," ते म्हणाले, "कुंपण घालायला हवं."
आणि शेडमधून तांब्याची पट्टी आणून दिली.

मुलं झोपली.
मी बाहेर आले, मोबाइलचा उजेड धरून,
सोडून द्याव्यात गुपचूप, असा शहाणा विचार करून.
मिसेस बूथ आधीच पसार.
बुधवार भिंतीवर अर्ध्यात.
दुसरी बुधवार मात्र पानावरच,
शंखावर खडूनं काढलेली दोन वर्तुळं, मध्ये एक दांडी.
गॉगल.
हा केव्हा काढला, कुणाला न सांगता?

मी उकिडवी बसले.
मलाही आता ते नीट जमत नाही.
गार फरशीवर पाय मुंगावले,
आणि तेवढ्यात तिनं
एक शिंग बाहेर काढलं.
मग दुसरं.

शिंगं.
शिंगं तर होतीच की पहिल्यापासून.

मी इकडेतिकडे पाहिलं
आणि अगदी हळू म्हटलं, हम्मा.

शेजारच्या खिडकीत
दिवा लागला.