चेकिंगच्या टेबलावरून

आमच्याकडे टॉवेलच्या प्रत्येक थप्पीत चिठ्ठी असते.
माग सत्तावीस. पाळी रात्रीची. कारागीर अंबादास.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं मी ट्यूबलाइटखाली कापड ओढते,
दोष दिसला की निळ्या खडूनं गोल करते.
गाठ. विरळ. तेलाचा डाग.
माल परदेशातून परत आला तरी
चिठ्ठी वाचत आम्ही मागापर्यंत पोचतो.

माझ्या अम्माची चिठ्ठी मात्र एवढीच:
नरसव्वा येमूल, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू.
कुणाची बंद नाही पडत, शेवटी?

आमच्या पेठेत नरसव्वा म्हणून हाक मारली
तर चार जणी वळतात.
त्या वॉर्डात दोघी होत्या, खाट नऊ, खाट अकरा.
साखरेची सुई अकराची होती.
रात्री कुणीतरी विचारलं, "नरसव्वा ना?"
आणि अम्मा, आयुष्यभर विड्या मोजून देताना
मुकादमाला हो म्हणत आली तशीच,
हो म्हणाली.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
फाइल मागितली तर साहेब रजेवर,
साहेब आले तर फाइल रजेवर.

मग सिस्टर हलसगी घरी आली,
चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच उभी.
"सुई माझ्या हातात होती," म्हणाली.
"अडतीस खाटा. मी एकटी.
मी लिहून दिलं होतं. ते पान आता तिथं नाही."

माझ्या ओच्यात खडू होता.
वाटलं, हिच्याभोवतीच गोल काढावा.

पण माग असा नसतो.
ताण्याच्या एकेका धाग्यावर पातळ पत्री लटकते,
धागा तुटला की ती पडते
आणि माग थांबतो,
अंबादासला डुलकी लागली असली तरी.
तिथं अम्माच्या वेळी
काहीच खाली पडलं नाही.

आम्ही दोघींनी अर्ज लिहिला.
दोन नावं, दोन खाटा, वेळ, पाळी, गायब पान.
सही तिनं आधी केली.
तिची बदली झाली. उत्तर आलं नाही.
मी तिला माफ केलं, असंही नाही.

नव्या दवाखान्यात म्हणे ती
कुणालाच "अमुक ना?" असं विचारत नाही.
विचारते, "तुमचं नाव काय? पूर्ण सांगा."
बायका वैतागतात,
"अगं, सकाळीच सांगितलं की!"
ती सुई खाली धरून उभी राहते.
"परत सांगा."