पिळून झाल्यावर

दाभोळच्या धक्क्याला फेरीबोट लागते
तेव्हा आधी साखळ्या वाजतात,
मग मोटारसायकली उतरतात, मग माणसं,
आणि सगळ्यांत शेवटी तहान.
मी लिंबू कापते. आडवं, उभं नाही.
उभं कापलं तर रस चोरतं.
हे कुणी शिकवलं नाही मला,
दिवसाला दोनशे कापली की हातच शहाणा होतो.

पिळलेल्या साली निळ्या डब्यात.
त्यांची कामं ठरलेली :
थोड्या मिठाच्या बरणीत,
थोड्या पितळी पेल्यांना,
आणि उरलेल्या, दिवस मावळता,
जुबेदाच्या, कुंदाच्या हातांना.
दिवसभर बांगडे कापलेले ते हात.
बेचक्यांतून घासायच्या, नखांखाली खुपसायच्या,
म्हणजे एसटीत शेजारचं माणूस
सरकून बसत नाही.

तर परशा तांडेल डब्याकडे बोट करून
‘ह्या देशील?’ म्हणाला
तेव्हा मला वाटलं, शेळी घेतलीन् असेल.

त्यानं एक उचलली,
शर्टाला पुसली,
आणि बिस्किटासारखी खाल्ली.

‘या अल्ला,’ जुबेदा म्हणाली,
‘ह्यानं साबण खाल्लान्!’

तीस वर्षं लाँचवर काढली परशानं.
आता गुडघे आहेत, दाब आहे,
दापोलीच्या डॉक्टरची चार घड्यांची चिठ्ठी आहे,
आणि पनवेलला मुलगी आहे, ती फोनवर धाडते
कशात काय असतं ते.
‘रसापेक्षा सालीत जास्त हाय. आपण उलटं खाल्लं जन्मभर.’
काय जास्त, ते सांगता येईना.
चष्मा घरी. फोन माझ्या हातात दिला.
मी वाचलं : असू शकतं,
होऊ शकतं,
काही जणांना.
‘अरे, हे सगळं नुसतं शकतं आहे.’
‘वाऱ्याचा अंदाज दुसरं काय असतो गो?
होड्या जातातच ना?’

मग मीच लिंबं धुवायला लागले,
घाटावरून गोणीत येतात, कशाकशानं फवारलेली.
कोमट पाणी, मीठ, नारळाची शेंडी.
तुझी गोळी चालू ठेव, एवढं मात्र बजावलं,
तो मान हलवत चावत राहिला.

आठवड्यात तिकीटवाला मागायला आला.
मग शाळेतले दोन मास्तर,
मग धोपाव्याकडची एक बाई, पिशवी घेऊन.
चारलाच डबा रिकामा.

कुंदा आली. हात पुढे करून उभी,
बोटं फाकलेली,
एका बोटाला खवला अजून चिकटलेला.
डब्यात बघितलंन्, माझ्याकडे बघितलंन्,
आणि काहीच बोलली नाही.
मी अख्खं लिंबू कापून तिच्या हातावर पिळलं.
‘अगो, पैशाचं आहे ते,’ ती म्हणाली,
रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत असताना.

दुसऱ्या दिवशी बिस्किटाच्या खोक्यावर
कोळशानं लिहून टांगलं :
आधी हात, मग पोट.

परशानं ते एकेक अक्षर जुळवत वाचलं.
त्या दिवशी एकच साल नेलीन्.

गणपतीनंतर त्याची तपासणी झाली.
‘उतरला का आकडा?’
‘नाय.’
मग जरा वेळानं, खाडीकडे बघत,
‘चढलाही नाय.’
आणि निळ्या डब्यात हात.
का खातोस मग, असं मी विचारलं नाही.
दात शिवशिवतात, डोळा मिटतो,
तोंड पार वाकडं होतं त्याचं,
तरी चावताना तो असा दिसतो
जणू इंजिन सुरू व्हायची वाट बघतोय,
कान देऊन.

आज शेवटची बोट पलीकडे गेली.
पेले पालथे घातले, नाणी मोजली
(नाण्यांनाही वास लागतो).
डब्यात एक उरली होती, कुणाचीच नसलेली.
तोंडात टाकली.

आधी काही नाही.
मग जिभेच्या कडांनी कडू चढत आलं,
भरतीचं पाणी पायऱ्या चढतं तसं, घाई न करता.
त्याच्या मागून काहीतरी हिरवं, तिखटसर,
नाकात जाऊन बसलेलं.

थुंकावी की गिळावी ते ठरवत उभी आहे,
तेवढ्यात वळणावरून कुंदाची एसटी गेली.
खिडकीतून एक हात बाहेर होता,
ओला,
वाळत घातल्यासारखा.