हळदीचा धागा

आठवीच्या तासाला
मी निळा लिटमस लिंबात बुडवते.
तो लाल होतो.
चाळीस पोरं "हो" म्हणतात,
जसं काही मी विचारलं होतं.

मग लाल कागद चुन्याच्या निवळीत.
निळा. पुन्हा "हो".
आम्ल आंबट, आम्लारी कडवट, हाताला बुळबुळीत,
फळ्यावर लिहिते, आणि खाली ठळक:
प्रयोगशाळेत काहीही चाखू नये.

नान्ना चाखायचे.
अक्कलकोट रोडच्या रंगखान्यात
सुताचं शेवटचं धुवण
जिभेच्या टोकावर घ्यायचे, थुंकायचे,
म्हणायचे, "अजून आहे."
किंवा नुसती मान हलवायचे,
की लडी दांडीवर.

"काय आहे अजून?"
"कॉस्टिक."
रसायनशास्त्रातला एवढा एक शब्द त्यांच्याकडे.
बाकी सगळं पुलुपु नाहीतर चेदु,
आंबट नाहीतर कडू.
आमच्या घरात चव तेलुगूत असायची
आणि हिशेब मराठीत.

जीभ पोळली असली की धागा.
अम्माच्या विड्यांच्या सुपातला दोरा
हळदीत भिजवून वाळवलेला,
तंबाखूच्या डबीत गुंडाळी करून.
धुवणात सोडला आणि कुंकवासारखा झाला
तर खार बाकी आहे.
पिवळाच राहिला
तर ती चादर कुणाच्याही लेकराच्या अंगावर घालावी.

दर्शक, हा शब्द
मला फार उशिरा भेटला.

कॉस्टिक बोटाला साबणासारखं लागतं,
शाळेच्या पुस्तकात एवढंच.
का लागतं ते कळलं बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला:
तिथे खरंच साबण होत असतो,
आपल्याच कातडीच्या तेलाचा.
त्या रात्री मी जेवले नाही.
नान्नांना वाटलं, पेपर अवघड गेला.

मागच्या महिन्यात रेशनच्या यंत्राने
त्यांचा अंगठा घेतला नाही.
उजवा, डावा, मग एकेक बोट.
दुकानदार श्रीपती गुर्रम म्हणाला, "मामा, हात पुसा."
पुसले.
रांगेतलं कुणी म्हणालं, लिंबू चोळा.
सरबताच्या गाड्यावरून अर्धं लिंबू आलं,
गाडेवाल्याने पैसे घेतले नाहीत.
नान्ना चोळत राहिले, माझ्याकडे बघत,
मी मास्तरीण,
मी सांगेन, आता झालं.

आम्ल आणि आम्लारी एकमेकांना विझवतात,
मीठ उरतं आणि पाणी.
पण त्यासाठी दोघंही हजर लागतात.
कॉस्टिक केव्हाच गटारीतून निघून गेलं होतं
रेषा घेऊन.

गहू दुसऱ्या दिवशी मिळाला,
माझ्या अंगठ्यावर.

"मॅडम, फक्त मीठ आणि पाणी?"
मागच्या बाकावरची रेणुका कोडम.
आज वर्गात पहिल्यांदाच बोलली.
मी चंचुपात्र तिच्या हातात देते.
दचकते.
"गरम आहे."
मग तिच्या बाजूची हात लावते, मग तिच्या पुढचा,
पात्र बाकावरून बाकावर फिरतं
आणि माझ्याकडे परत येईस्तोवर निवलेलं असतं.
उदासिनीकरण, मी लिहिते. खडू मोडतो.

संध्याकाळी पर्समध्ये वापरलेले कागद सापडतात,
लाल झालेले निळे, निळे झालेले लाल.
नान्ना चष्मा चढवून एकेक उलटापालटा करतात.
"हे फेकणार?"
"हो. झालं त्यांचं काम."
"एकदाच?"
ते हसतात, दात नसलेल्या बाजूने.
"माझा धागा लाल झाला की चिंचेच्या पाण्यात टाकायचो.
परत पिवळा. एक धागा महिनाभर."
बोटं चाचपत राहतात कागदाची कड,
ती आहे की नाही
हे त्यांना डोळ्यांनीच बघावं लागतं.

"हे पण होतात तसे," मी म्हणते.
"मग?"
मी उठून स्वयंपाकघरातून
चिंचेची वाटी आणते.