उलट्या तोंडाचा करकोचा

ऑर्डर आली त्या दिवशी शेटनी नकाशा पसरला
कटिंग टेबलावर, चार कोपऱ्यांत चार बॉबिन ठेवून,
आणि समुद्रात सांडलेल्या खडीवर बोट फिरवत म्हणाले,
"इथं कुठंतरी."
ग्रीस. कंपनीकडं विमानं तीन,
त्यातलं एक कायम दुरुस्तीला.
म्हणजे आपलंच की, भूमय्या म्हणाला,
सहा मागांतले दोन कधी बोलतात?

टॉवेल हवे होते वीतभर,
गरम पाण्यात पिळून प्रवाशाच्या हातात द्यायचे.
मधोमध करकोचा, खाली आठ अक्षरं.

अक्षरं माझ्या ओळखीची निघाली.
अकरावी सायन्सला मी दोनदा बसलो होतो.
पहिला पाय, वर्तुळ सोडून
दाराच्या चौकटीसारखा उभा.
मग लॅम्डा, तंगड्या फाकून.
रो, दिसायला इंग्रजी पी, पण घनता त्याच्याकडं.
सगळ्यात शेवटी सिग्मा, म्हणजे बेरीज.
ज्यांनी मला नापास केलं
ती आता माझ्या पंचाखाली,
एकेक भोक पाडत मी त्यांना पुठ्ठ्यात उतरवलं.
पेलार्गोस.
म्हणजेसुद्धा करकोचाच, म्हणे.

रात्री यादम्मा कडा शिवायला बसली,
डझनामागं चार रुपये.
कागदावरचं मी तिला वाचून दाखवलं:
कंपनी शेड्यूल्ड उडते, चार्टरही उडते.
म्हणजे?
शेड्यूल्ड म्हणजे आपली अक्कलकोट एसटी,
माणूस असो नसो, वेळ झाली की निघाली.
चार्टर म्हणजे वऱ्हाडाची गाडी.
कुणी ठरवली तर. ठरवली तिथं.
तिनं दोरा दातानं तोडला.
"मग आपलं चार्टर," म्हणाली.

चूक माझीच.
करकोच्याची कार्डं मी पालथी ओवली.
अक्षरं सरळ, पक्षी उलटा.
बासष्ट डझन विणून झाले, धुऊन झाले, कांजी झाली,
नमुन्याचं पार्सल गेलं आणि उत्तर आलं दोन ओळींचं:
कापड छान आहे.
आमचा पक्षी मागं उडतोय.

शेट ओरडले नाहीत. ते बरं झालं नाही.

दुसरा लॉट बरोबर गेला.
निम्मे पैसे आले, निम्मे येणार होते.
त्या उन्हाळ्यात मी होटगी रोडनं जाताना
कुंपणाआडच्या धावपट्टीकडं बघायचो,
तिथं कसलंच वेळापत्रक नव्हतं, नुसतं गवत.
पण आमचे तीनशे डझन कुठंतरी वर होते,
वाफाळलेले, अनोळखी गालांवर,
आणि मी गाडी जरा हळू करायचो.

दिवाळीच्या तोंडावर कळलं, कंपनी बसली.
आधी शेड्यूल्ड बंद झालं, मग चार्टर.
दुरुस्तीतलं विमान दुरुस्तीतच राहिलं.
नकाशा अजून कटिंग टेबलावर आहे,
तेलाच्या डब्याखाली.
एक बेट पार विरघळलंय.

बासष्ट डझन मंगळवार बाजारात गेले, किलोवर.

परवा इरण्णा हडपदच्या दुकानात दाढीला बसलो.
त्यानं खुर्ची मागं कलवली,
कुकरमधून टॉवेल काढला, झटकला,
"डोळे मिटा" म्हणायच्या आधीच मला दिसला:
लांब चोच, डावीकडं तोंड.
"मास्तर, हे कुठल्या पक्षाचं चिन्ह हो?
गिऱ्हाइकं विचारतात."
पक्ष नाही, म्हटलं, पक्षी.
"असं का," म्हणाला, आणि तोंडावर टाकला.

गरम. किंचित ओला. कड पक्की,
टाका यादम्माचा, बोटाला कळतो.
खुर्ची अजून थोडी मागं गेली.
बाहेर अशोक चौकात कुणीतरी हॉर्न धरून ठेवला होता.
मी काही बोललो नाही.
इरण्णा म्हणाला, "झोपलात काय?"