९९९९९९९ एकात

कार्ट्रिजच्या पिवळ्या पोटावर छापलं होतं: ९९९९९९९ एकात.
नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव.
मी सातवीत. ग्वाल्हेरचा मे महिना,
जिन्सीच्या नाल्यात कुत्री दुपारभर पोट टेकून बसलेली.
गणिताच्या वहीत, मागच्या पानापासून,
मी मोजायला घेतलं.

तेरा निघाले.
बाकी तेच रणगाडे, तीच विटांची भिंत,
कुठे आकाश जांभळं केलेलं,
कुठे एक जीव जास्तीचा.
हेरंब म्हणाला, तायडे, कुणाला सांगू नकोस.
मी सांगितलं. नई सडकेवरच्या कैलाशला,
ज्याच्याकडून पाच रुपये रोजानं आणायचो.
तो सोल्डरिंगच्या धुरातून हसला,
"गिनता कौन है, बेटा."

आता मी पगार घेऊन मोजते.
महालेखाकार कार्यालय, दुसरा मजला.
कुठल्याशा खात्यानं एकच खड्डा
तीन वेळा खणल्याचं दाखवलं
की मला ते जांभळं आकाश आठवतं.
आक्षेप लिहिते. खाली सही.

तेव्हा सेव्ह नव्हतं.
लाइट जायची चारच्या सुमारास,
आधी स्टॅबिलायझर टक्‌ करायचा, मग कूलर धापा टाकत थांबायचा,
आणि अठराव्या पातळीवरचे आमचे दोन रणगाडे,
त्याचा हिरवा, माझा पिवळा,
कुठे जायचे देव जाणे.
काळ्या काचेत आमचीच तोंडं उरायची,
अंगठ्यांना फोड.
भांडायचो नाही. माठातलं पाणी प्यायचो.
लाइट आली की पहिल्यापासून.

नवं यंत्र पांढरं, उभं, गुरगुरतही नाही.
खंडेनवमीला मी त्याच्या कंट्रोलरलाही कुंकू लावते,
हत्यार ते हत्यार.
नवा खेळ नव्वद जीबीचा, उतरायला रात्र लागली.
त्यात एक खरंखुरं वाटणारं गाव आहे,
घोड्यावरून ओलांडायला वीस मिनिटं,
पुलावर एक पहारेकरी, खोकणारा.
परवा ऑफिसातून आले, चहा ठेवला,
आणि त्याच्यासमोर नुसती उभी राहिले.
त्याला सात वाक्यं येतात.
आठव्याला पुन्हा थंडीबद्दल बोलतो.
वही काढली नव्हती मी,
बोटंच आपोआप पेरांवर चालली.

कैलाशकडे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
तरी जुनं कार्ट्रिज घेऊन गेले. चालेना म्हणून फुंकर घातली,
तसा तो चष्म्यावरून बघत राहिला:
फुंकण्यानं कधीच काही होत नव्हतं, बहनजी.
तुम्ही काढून परत लावायचात ना,
त्यानं चालायचं.
तीस वर्षं मी उगाच वारा घातला.

भाऊबीजेला हेरंब आला, मुरारहून, गुडघ्याला पट्टा बांधून.
ओवाळून झाल्यावर त्याच्या हातात नवा कंट्रोलर दिला.
इतकी बटणं? आपल्याला दोन पुरायची.
अर्ध्या मिनिटाला एकदा मरत होता.
"जीव किती उरले?"
आता मोजत नाहीत रे. मेलास की तिथूनच उठायचं.
त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला.
"मग घाबरायचं कशाला?"

कैलाशनं जोडून दिलेल्या वायरीनं
जुना डबा नव्या टीव्हीला लावला.
चित्र पसरट आलं, रणगाडे जाडे दिसत होते.
अनारसे खाण्यापुरतंही थांबलो नाही.
पंधरा, सोळा, सतरा,
बोलणं बंद झालं,
अठरावी आली, गेली.
एकोणिसावी. विसावी.
विसावीत काय असतं ते आम्हांला माहीतच नव्हतं.
भिंती अनोळखी.

साडेनऊ वाजले होते. लाइट जात नव्हती.
मी मेन स्विचकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं.
मी उठले.

"आधी इन्व्हर्टर बंद कर," हेरंब म्हणाला.