एकतीस किलोमीटर

नवी होती तेव्हा सत्तर जायची.
शोरूमवाल्याने कागदावर ऐंशी लिहून दिले होते,
त्यातले दहा मी तिथेच मनात कापले.
टपालाच्या काट्यासमोर बावीस वर्षं बसले आहे,
घट मला कळते.

आता ती एकतीस देते.
शाखेतून घाटंजी सतरा, परत सतरा.
तीन कमी पडतात,
आणि ते तीन नेमके खैरीच्या फाट्यापासून
आमच्या पांदीपर्यंतचे,
जिथे सावली म्हणाल तर एक बाभूळ,
तीही रस्त्याच्या पलीकडे.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मे होता, सेहेचाळीस डिग्री.
स्क्रीनवर एक कासव आलं,
थोडा वेळ चाललं,
मग तेही गेलं.
पिशवीत निराधारांचे पैसे, दोन रजिस्टर,
आणि हातात शंभर किलोची गाडी,
जिला ढकलायचं कसं हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही.

यवतमाळचा आकडा: छत्तीस हजार आठशे.
जुनी जमा केली तर दोन हजार वजा.
गाडीच मुळात चौऱ्याहत्तरची.
वॉरंटी संपून अकरा दिवस झाले होते.
काउंटरवरच्या पोराने ते अकरा बोटांवर मोजले,
मला वाईट वाटू नये म्हणून
हळू मोजले.

घरी येऊन वही काढली.
पेट्रोलचे महिन्याला सोळाशे वाचले,
तीन वर्षांचे सत्तावन्न हजार सहाशे.
कुठे आहेत म्हणून शोधले.
थोडे लेकीच्या वसतिगृहात सापडले,
थोडे छपरावरच्या टिनात,
बाकीचे आम्ही वरणात खाल्ले होते.

भाचा म्हणतो, मावशी, रात्रभर लावून ठेवायची नसते.
ऐंशी टक्के झाली की काढायची.
उन्हातून आणली की तासभर थंड होऊ द्यायची.
अरे बाप्पा,
तो तास संपतो तेव्हा आमची लाइन जाते.
पुस्तक लिहिणाऱ्याने
आमचा फीडर पाहिलेला नाही.

मग फाट्यावरच्या फुलाबाई टेकामने
चक्कीच्या बोर्डातून वायर ओढली.
"लावा नं बाई. चक्की दिवसभर खाते,
तुमची गाडी म्हणजे मूठभर पीठ."
पैसे काढले तर तिने हातावर
पिठाचाच हात मारला.
पंधरा मिनिटं म्हणजे तीन किलोमीटर, वर थोडे.
पहिल्या आठवड्यात मी एकटीच बसायची.
दुसऱ्या आठवड्यात ज्वारीच्या डब्याखाली
कोणीतरी पासबुक ठेवून गेलं.
मग अंगठेवाले आले, मग नातवाचं पत्र घेऊन
कानाने अधू सुखदेव आत्राम,
त्याला ते मोठ्याने वाचावं लागायचं,
चक्कीच्या वर आवाज काढून,
म्हणून अख्ख्या फाट्याला कळलं
की नातू पुण्यात बरा आहे, पण जेवण जमत नाही.

पांढरकवड्याचा नूर आधी पंपाच्या मोटारी भरायचा.
त्याने झाकण उघडलं.
तीन वर्षं जिच्यावर बसले
ती आतून मी तेव्हा पाहिली:
बोटभर सेल, दहा-दहाच्या सतरा ओळी.
मीटर टेकवत गेला, बाराव्या ओळीला थांबला.
"बाकी समदे ठणठणीत हाय, बाई.
हे एक ओळ बसली,
म्हणून समद्याईले बसा लागते."
साडेचार हजार. पावती नाही, गॅरंटी नाही.
जुने दहा सेल त्याने रद्दीत गुंडाळून वेगळे ठेवले,
चुलीजवळ नेऊ नका म्हणाला,
जणू मी ते मागणारच होते.

आता अठ्ठावन्न जाते.
काल फाट्यावरून सरळ निघून आले.
आरशात फुलाबाई दिसली,
वायर हातात घेऊन उभी,
मागे बाकावर चार जण.

आज थांबले.
स्क्रीनवर त्र्याण्णव टक्के.
भाच्याला सांगू नका.
लावली.