मीठ उतरलेलं पाणी

तिग्राईच्या कड्यात कोरलेलं आमचं देऊळ.
वर जायला बोटं रुतवायच्या खाचा आहेत, पायऱ्या नाहीत.
जोडे खालीच काढून ठेवावे लागतात.
एकोणीस वर्षं मी जोडे खाली काढतो
आणि ताठा तेवढा वर घेऊन जातो.

लोकांना हे माहीत नाही.
लोकांना माहीत आहे माझी वाकलेली मान,
पंचावन्न दिवसांचा माझा उपास,
आणि कुणी क्रुसाऐवजी हाताचंच चुंबन घ्यायला वाकलं
की हात मागे ओढण्याची माझी रीत.
तोही मी जरा सावकाश ओढतो,
बघणाऱ्याला दिसावं इतपत.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी पाय धुवायचे असतात.
जैतुणाची पानं टाकलेलं पाणी, पितळी घंगाळ, कमरेला पंचा.
ज्यांना कडा चढवत नाही त्यांच्यासाठी
यंदा मी खाली उतरलो.
'बाकीचे वरच थांबले, मी उतरलो' –
हे वाक्य उतरता उतरताच
मनात दोनदा म्हणून झालं होतं.

रांगेत पहिला हिलुफ.
उंटांमागे चालण्यात जन्म गेला त्याचा,
खालच्या पांढऱ्या खोलगटातून मिठाच्या लाद्या वर आणत.
टाच म्हणजे आटलेलं तळं,
भेगांत मीठ बसलेलं, इतकं जुनं
की आता ते त्याचंच झालेलं.

पाय पुढे करताना म्हणाला,
"बाबा, पाणी चरचरेल तुम्हाला. बोटं फुटलीत की तुमची."

कड्याच्या खाचांनी फुटली होती.
एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मी दाखवली नव्हती, असं नाही.

मग टाचेत काळा ठिपका दिसला. काटा.
"क्रुसाच्या सणाआधीचा असेल," हिलुफ म्हणाला,
"त्यालाही आता चालायची सवय झालीय."

नख लागेना. चष्मा वर राहिलेला.
मागे कुणीतरी खोकलं.
स्तोत्र म्हणणारा पोरगा दोनदा शेवटापर्यंत जाऊन गप्प झाला.
तेव्हा लेतेब्रहान पुढे आली –
जी कधीच वर येत नाही, आपली लायकी नाही म्हणते,
खालच्याच धोंड्याला ओठ टेकवून घरी जाते –
बाभळीचा काटा मोडून घेऊन आली.
"काट्यानंच काढा," म्हणाली.
"आणि जरा सरका. उजेड अडवताय."

सरकलो.

किती वेळ गेला कोण जाणे.
टाच होती. ठिपका होता.
तिनं ताणून धरलेली कातडी,
हिलुफचं "हं, हं, तिथंच."
गुडघ्याखाली खडा होता, तो नंतर कळला.
गळ्यातला क्रुस घंगाळात बुडाला होता,
तोही नंतर.

निघाला. तिळाएवढा.
आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो,
घरात बाळंतपण सुखरूप पार पडावं तसे.

आणि त्याच क्षणी,
प्रभू, तू ऐकलंसच,
आतून कुणीतरी घसा खाकरून म्हणालं,
'बघ, किती विसरलास स्वतःला!'
आला.
परत आला, जोडेसुद्धा न काढता.

पाणी बदलायला घंगाळ उचललं.
शिंतोडा ओठावर उडाला. खारट.
मीठ उतरलं होतं पाण्यात.
मी उतरायचा बाकी होतो.

पुढचा म्हातारा वैतागला होता.
"बाबा, आमचंही होणार आहे ना आज?"
"होणार," म्हटलं. खाली बसलो,
त्याचा पाय हातात घेतला,
आणि लेतेब्रहानला विचारलं,
"उजेड येतोय का आता?"